खुबानी डोळ्यांच्या माश्या आणि अण्णा

अण्णा,

तुमच्याबद्दल गावानं जे बोलायचं ते बोलून झालं. चावडीवर, आपल्या दारात, पाणवठ्यावर. तुम्ही कुणाचं भांडण मिटवलं, कुणाच्या लग्नाला न बोलावता गाड्या पाठवल्या, नळदुर्गच्या बाजारात कधी कुणाला फसवलं नाही. मी ऐकत बसलो होतो. त्यातलं काही खोटं नव्हतं, पण त्यात तुम्ही नव्हता. माश्यांचा विषय कुणीच काढला नाही. गळ्यात लिंग असलेला जो माणूस भर दुपारी तांब्या घेऊन शिंदीच्या दुकानात गेला आणि ‘माझ्या भावाच्या चिलटांना थोडी द्या’ म्हणाला, तो माणूस त्या सगळ्या बोलण्यात मला कुठं सापडेना. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण ती पोटात ठेवून मला तुमच्याशी बोलता येणार नाही. तुमच्यावर माती लोटताना मी मनाशी ठरवलं की उस्मानाबादची मास्तरकी सोडायची आणि मळ्यात परत यायचं. वैनी एकट्या पडल्या. तुमची लेक सासरी आहे, तिचा संसार तिला. विहीर आहे, बैल आहेत, मोट आहे. जे मी तरुणपणी करायला हवं होतं ते आता करावं, उशिरा का होईना. तुम्ही असताना हे बोललो असतो तर तुम्ही आधी हसला असता आणि मग रागावला असता. म्हणून तुम्ही गेल्यावर ठरवलं. त्याचं पुढं काय झालं तेही सांगतो, पण त्याआधी आपलं भांडण.

ते भांडण खरं तर अप्पा गेले तेव्हाच सुरू झालं होतं, फक्त आपल्याला ते ठाऊक नव्हतं. मी हैदराबादेत शिकत होतो. बापाच्या मातीला आलो तो परत जायचं नाही असं धरूनच. मोटेला दोन माणसं लागतात. एकानं बैल हाकून विहिरीतलं पाणी वर काढायचं, दुसऱ्यानं खाली मळ्यात खोरं घेऊन उभं राहायचं, एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. अप्पा बैल हाकायचे, तुम्ही पाणी धरायचा. आता बैल तुमच्याकडं आणि पाणी माझ्याकडं, यात बोलण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही मात्र बोललात.

“तू जा. शिकाय लागलायस ते पुरं कर.”

“आणि पाणी कोण धरणार?”

“पाणी काय पळून जातंय व्हय?”

पुढच्या सुट्टीत आलो तर मळा ओळखू येईना. तुम्ही जुने वाफे मोडून टाकले होते आणि त्यांच्या जागी लांबच्या लांब वाफे बांधले होते. एक वाफा भरायला आता बराच वेळ लागायचा. तेवढा वेळ तुम्ही बैल हाकायचा, मग बैल तसेच उभे करून खोरं घेऊन खाली पळायचा, पाण्याची वाट बदलायचा आणि पळत वर यायचा. दिवसभर. आणि सुगीला आपल्या मळ्यात गहू, कांदा, मिरची शेजारच्या मळ्यांइतकीच निघाली, जिथं दोन-दोन माणसं होती. गाव म्हणू लागलं, अप्पांचा थोरला एकटा दोघांचं राबतोय.

ते वाक्य मी हैदराबादेला बरोबर नेलं. कॉलेजच्या बाकावर, खानावळीत, सगळीकडं ते माझ्याबरोबर असायचं. पुढं उस्मानाबादच्या शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, केस पिकायला लागले, तरी ते वाक्य काही सुटलं नाही.

माश्या आल्या त्या माझ्या जुन्या प्रोफेसरांकडून. ते हैदराबादेत बाटल्यांमध्ये फळमाश्या पाळायचे, पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या, तीळभर आकाराच्या. वंशाचे गुण आईबापांकडून लेकरात कसे उतरतात ते या माश्यांवरून कळतं, कारण दोन आठवड्यांत त्यांची नवी पिढी उभी राहते. मी मास्तर झाल्यावर त्यांनी मला थोड्या बाटल्या दिल्या. मुलांना दाखव म्हणाले. शाळेत मी उर्दूतून शिकवायचो, पुस्तकं इंग्रजी, आणि माश्या बघायला पोरांची झुंबड. पण मे महिन्यात शाळा बंद झाली की बाटल्यांचं करायचं काय? त्यांना सतत नवं खाणं द्यावं लागतं. म्हणून त्या वर्षी टोपलीत पेंढा घालून मी त्या मोटारीनं गावाकडं आणल्या.

वैनींनी टोपली उतरून घेतली. “भावजी, ह्यात काय हाय?”

“माश्या.”

“आपल्याकडं कमी व्हत्या?”

तुम्ही बाटली उजेडात धरून बघत होता. “पगार ह्याचा मिळतो व्हय रं, शिवा?”

“नाही. पगार शिकवायचा.”

“मग हे फुकटचं?”

“फुकटचं.”

“मग चांगलं असंल,” तुम्ही म्हणालात आणि बाटल्या देवळीत नीट मांडून ठेवल्या.

खाणं म्हणजे केळं, गूळ आणि ज्वारीचं पीठ शिजवून, वर थोडं खमीर. हैदराबादेत खमीर बेकरीत मिळायचं. आपल्या गावात बेकरी कुठली? आंबलेली वस्तू एकच, शिंदी, झाडाच्या रसाची दारू. मी म्हटलं राहू दे, तुम्ही ऐकलं नाही. तुम्ही तांब्या घेऊन गेलात आणि खरं ते सांगितलंत. दुकानदार म्हणाला म्हणे, “मालक, समदे आसंच कायतरी सांगत्यात. तुमचं निदान नवं हाय.” संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आपले गुरू जंगमस्वामी जाब विचारायला दारात येऊन उभे राहिले तेव्हा तुम्ही त्यांना आत बोलावलंत, बाटली दाखवलीत आणि म्हणालात, “स्वामी, हे बगा पिणारे.”

मी इतका हसलो नव्हतो कधी. त्या घरात मला हसायची चोरी वाटायची. तुम्ही उन्हातून मळ्यातून येणार, मी सावलीत पुस्तक घेऊन बसलेला असणार, आणि हसायचं कशावर?

मग ऊन वाढलं. या माश्यांना आपला उन्हाळा सोसत नाही. फार तापलं की नर वांझ होतात, पिढी तिथंच खुंटते. मी बाटल्यांना ओली फडकी गुंडाळत बसलो होतो. तुम्ही म्हणालात, “पेवात सोडू की.”

पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं भुयार, तोंड लहान, पोट मोठं, आत बारा महिने गारवा. आपलं पेव नुकतंच जवळजवळ रिकामं झालं होतं, तळाशी थोडी ज्वारी तेवढी उरली होती. आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं की बंद पेवात एकदम उतरायचं नाही. दाण्यांच्या उबाऱ्यानं आत वाईट हवा साचते. तोंड उघडून वारा लागू द्यायचा, कंदील सोडून बघायचा, तो विझला तर माणूस आत घालायचा नाही. तुम्हाला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण आपण दोघंही एकच विचार करून बसलो, की माणूस कुठं उतरतोय, बाटल्या तर उतरताहेत. शिळा सरकवली, टोपलीला दोर बांधला आणि खाली सोडली.

थोड्या वेळानं गारवा कितपत आहे ते बघायला तुम्ही टोपली वर ओढली. बाटल्यांच्या तळाशी माश्यांचा नुसता सडा पडला होता. पाय वर. एक हलत नव्हती.

चूक दोघांची होती. पण तुम्ही पेवाच्या तोंडाशी बसलात आणि तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. अप्पा गेले तेव्हाही नाही.

“म्या मारल्या रं. तू एवढ्या लांबनं आणल्यास.”

“अण्णा, माश्या आहेत त्या.”

“तुझ्या हायत की.”

“प्रोफेसर पुन्हा देतील.”

“त्यांनी दिलं तरी म्या मारल्या त्या मारल्याच की.”

मी सांगत होतो की सोडून द्या, आणि तुम्ही सोडत नव्हता. जितकं समजावावं तितके तुम्ही जास्तच खाली बघायला लागलात. मला त्याचा राग यायला लागला. साध्या गोष्टीचं केवढं ओझं करून बसला हा माणूस, ज्याला माफ करायला मी उभा आहे तो माफी घेत का नाही, असं वाटायला लागलं.

आणि मग एका बाटलीत एक पाय हलला. नंतर दुसरा. मग एक माशी कुशीवर वळली, उठली, पडली, पुन्हा उठली. पेवातल्या हवेनं त्या मेल्या नव्हत्या, झोपल्या होत्या. हैदराबादेत माश्या बघायच्या आधी त्यांना औषधाच्या वाफेनं निजवतात. ते औषध युद्धामुळं मिळेनासं झालं होतं, आणि आपल्या पेवात तेच काम फुकट होत होतं.

तुम्ही बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिलात. मग म्हणालात, “शिवा, मघाशी तुला माझा राग आला व्हता.”

“आला होता.”

“लई वंगाळ दिसतं न्हवं, समोरचा नको म्हणतोय आन आपण वझं घिऊन बसायचं?”

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघत नव्हता, दोर गुंडाळत होता.

“तुझं तोंड मला वरसानुवरसं तसंच दिसतंय,” तुम्ही म्हणालात. “जेवतानासुदिक.”

मी एकेक बाटली उचलून पुन्हा ओल्या फडक्यात गुंडाळायला लागलो.

दुसऱ्या दिवशी आपण बाटल्या पुन्हा खाली सोडल्या, या वेळी जाणूनबुजून. निजलेल्या माश्या पांढऱ्या ताटलीत ओतल्या, मी भिंग काढलं, आणि पहिल्यांदाच तुम्ही नीट बघितलंत. नर कुठला आणि मादी कुठली ते तुम्हाला लगेच जमलं. नर बारीक असतो आणि त्याच्या बुडाशी काळं असतं. “काळ्या बुडाचा तो गडी,” तुम्ही म्हणालात आणि वैनी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मग मी तुम्हाला डोळे दाखवले. साध्या फळमाशीचे डोळे लालभडक असतात. या माश्यांचे डोळे फिके, पिवळट तांबूस, हैदराबादेच्या लग्नात शिजवलेली खुबानी, म्हणजे जर्दाळू, ताटात येते त्या रंगाचे. मी म्हटलं, रंग नीट बघा, नराचा आणि मादीचा.

“सारखाच की.”

“सारखा आहे, हेच नवल आहे.”

आणि मी समजावत बसलो. वंशाचे गुण बारीक धाग्यांवर असतात, प्रत्येक पेशीत ते धागे असतात. डोळ्याच्या रंगाचा गुण ज्या धाग्यावर असतो, तसे धागे मादीत दोन असतात आणि नरात एकच. नराला दुसऱ्याच्या जागी एक वेगळा खुजा धागा मिळतो, त्याच्यावर फारसं काही नसतं. बरं, त्या मोठ्या धाग्यावर नुसतं नर-मादीपणाचं सामान नसतं, रोजच्या संसाराचं असतं. डोळ्याचा रंग, पंख, अंगावरचे केस. मग मादीला सगळ्याचा दुप्पट वाटा मिळाला पाहिजे. लाल डोळ्यात तो फरक दिसायचा नाही, काठोकाठ भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतलं तर कळणार कसं? पण खुबानी माशीत रंग करणारा गुणच अधू झालेला आहे. तो थोडाच रंग करतो, त्यामुळं कमी-जास्त लगेच डोळ्यांना दिसतं. प्रोफेसरांकडं अशा खुबानी माद्याही होत्या, ज्यांच्या एका धाग्यावरचा तो तुकडाच गळून गेलेला. त्यांचे डोळे आणखी फिके. म्हणजे मादीत एक कमी झाला की रंग उतरतो. पण नराचा मुळात एकच, तरी त्याचा रंग दोनवालीच्या तोडीस तोड.

तुम्ही भिंग खाली ठेवलंत. “म्हंजे एकटा दोघांचं काम करतोय.”

“हो. त्याचा एक धागा दुप्पट राबतो.”

हे म्हणताना माझा आवाज मलाच वेगळा वाटला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मळ्याकडं बघितलंत, आणि तुमच्या लक्षात आलं.

“कशावरनं?” तुम्ही म्हणालात.

“म्हणजे?”

“दुप्पट राबतो हे कशावरनं? आसं बी आसंल की, त्यो एकटा नुसतं आपलं काम करतोय, सरळ, पुरं. आन त्या दोघी निम्मं-निम्मं करत्यात.”

“त्या का निम्मं करतील?”

“दोघी हायत म्हणून. शेजारच्या मळ्यात बघ जा. एक बैल हाकतोय, दुसरा पाण्यात पाय सोडून तंबाखू मळतोय. दोन माणसं झाली की काम निम्मं हुतं, रं. हे काय शाळेत शिकवत न्हाईत?”

“अण्णा, तुम्ही पळायचा. मी बघितलंय.”

“पळायचो, कारण मला पळायला आवडायचं. तू घरात असतास तर आपण दोघं बी आळशी झालो असतो.”

झालं. तिथून पुढं प्रत्येक सुट्टीत तेच. मी म्हणायचो, एकटा दुप्पट करतो. तुम्ही म्हणायचा, दोघी निम्मं करतात. मी प्रोफेसरांना विचारलं, ते म्हणाले अजून कुणालाच ठाऊक नाही. काहीतरी तोल सांभाळतं आहे एवढं नक्की, वर उचलून की खाली दाबून, ते कळलेलं नाही. मी ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही खूश झालात. “म्हंजे अजून माझं खोटं ठरलं न्हाय.” पुढच्या वर्षी मी दुसऱ्या जातीच्या माश्या आणल्या, फिक्या गुलाबी डोळ्यांच्या. त्यांच्यात हा तोल जमतच नाही, मादीचे डोळे गडद आणि नराचे फिके राहतात. तुम्ही एक नजर टाकलीत आणि म्हणालात, “हे घर फुटकं हाय. हे धरू नगंस.” पुराव्यातलं गैरसोयीचं बाजूला सारायची ही रीत मोठमोठ्या विद्वानांचीही असते, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही फार चढला असता.

अण्णा, त्या भांडणात मी माझी बाजू का सोडत नव्हतो ते आज सांगतो. मला विज्ञानाचं पडलं नव्हतं. एकटा दुप्पट राबतो हे खरं असेल तर मी तुमचा देणेकरी होतो. आणि मला देणेकरी राहायचं होतं. अपराध वाटत होता तोवर माझं त्या घराशी काहीतरी नातं होतं. मळ्यातलं मला काही येत नाही, बैल माझं ऐकत नाहीत, गावातली माणसं मला मास्तर म्हणतात, नावानं हाक मारत नाहीत. ते ओझं तेवढं माझं होतं. तुम्ही हसत हसत तेच काढून घ्यायला निघाला होता आणि मी ते धरून बसलो होतो.

म्हणूनच की काय, जे म्हणायला हवं होतं ते कधी म्हटलं नाही. ‘माझ्यामुळं तुम्हाला किती सोसावं लागलं’ हे मी तोंडानं, डोळ्यांनी, गप्प बसून हजारदा म्हटलं असेल. ‘तुम्ही मला शिकवलंत, त्यात मला फार सुख मिळालं’ हे एकदाही नाही. खरं तर तेच जास्त खरं आहे. भिंगातून पहिल्यांदा माशीचा डोळा बघितला तो दिवस तुमचा. वर्गात एखाद्या पोराच्या डोक्यात प्रकाश पडतो आणि तो जागच्या जागी उभा राहतो, तो क्षण तुमचा. तुम्हाला हे ऐकायला आवडलं असतं. मी तुम्हाला सुटकेस भरून दुःख आणून दिलं आणि सुख उस्मानाबादेला ठेवून आलो.

आता परवाचं सांगतो.

तुमचे दिवस झाले, पाहुणे गेले. पहाटे जाग आली तर मोटेचा आवाज. गेलो तर वैनी बैल हाकत होत्या, पदर खोचून, तुमच्यासारखीच आरोळी देत. मी खोरं उचललं आणि खाली पाण्यावर उभा राहिलो. पहिला वाफा भरला, मी तोंड बुजवलं, दुसरं उघडलं. माती नीट बसेना, पाणी फुटून बाजूला गेलं. त्या वरून बघत होत्या. ऊन तापल्यावर त्यांनी बैल सोडले आणि बांधावर येऊन बसल्या.

मी म्हटलं, “वैनी, मी नोकरी सोडतोय. इथंच राहीन.”

त्यांनी कपाळाचा घाम पुसला. “कुणासाठी?”

“तुम्ही एकट्या आहात.”

“भावजी, एक बोलू? राग मानू नगा.”

“बोला.”

“तुमी राहिलात की उद्यापास्नं बैल तुमी हाकणार. न्हाय जमलं तर गडी ठिवणार. माणसं बांधावर येतील ती तुमालाच इचारतील, औंदा काय पेरायचं, कांदा कवा काढायचा. म्या भाकरी घिऊन येईन आन झाडाखाली बसंन.” त्या थांबल्या. “हे पडून हुते तवापास्नं माणसं मला इचारत्यात. जल्मात पयल्यांदा.”

मी खोऱ्याला चिकटलेली माती खरवडत होतो.

“तुमा दोघांचं ते चिलटांचं भांडण म्या चुलीपुढनं ऐकलंय समदं. एकटा दुप्पट का दोघी निम्म्या. कोण खरं ते मला ठावं न्हाय. पर माझं मला ठावं हाय. तुमी आलात तर म्या निम्मी व्हईन.”

“आणि एकटीला झेपलं नाही तर?”

“तर सांगीन की. तुमाला सांगायला मला कसली लाज?”

अण्णा, मी त्या बांधावर बसून होतो आणि मला लाज वाटली, पण ती जुनी लाज नव्हती. तुमच्यासाठी म्हणून मी जे द्यायला निघालो होतो, ते मी वैनींकडून घेणार होतो. मला माझं ओझं उतरवायला मळा हवा होता. आणि मळ्यात तर एक माणूस उभं होतं, पुरतं, आपल्या पायावर.

दुपारी मीच त्यांना म्हटलं, चला पटवाऱ्याकडं. मळ्याचा पट्टा आपल्या दोघा भावांच्या नावे होता. पटवारी ओट्यावर बसून पान लावत होता. मी सांगितलं, अण्णांचं नाव कमी करून वैनींचं घाला, आणि माझंही काढा.

त्याचा हात थांबला. “मास्तर, इचार करा. बाईमाणूस हाय.”

“बाईमाणूस हितंच हुभं हाय,” वैनी म्हणाल्या. “काय इचारायचं ते मलाच इचारा.”

तो माझ्याकडं बघायला लागला. मी आढ्याकडं बघितलं. शेवटी त्यानं पान तोंडात टाकलं आणि विचारलं, “औंदा मळ्यात काय करणार, बाई?”

“आर्ध्यात गहू, आर्ध्यात कांदा. आन खालच्या अंगाला हरभरा टाकून बघणार हाय. ह्यांनी कधी टाकू दिला न्हाय.”

हे मला ठाऊक नव्हतं, अण्णा. तुम्ही हरभऱ्याला का नाही म्हणायचा?

मोटारीपर्यंत त्या माझ्याबरोबर चालत आल्या. उस्मानाबादेला शाळा उघडली आहे, पोरं वाट बघत असतील, हे मला त्या वाटेवर आठवलं आणि बरं वाटलं. मी ते लपवलं नाही. वैनींना म्हटलं, मला शिकवायला फार आवडतं. त्या म्हणाल्या, “त्ये ह्यांना ठावं हुतं. तुमालाच ठावं न्हवतं.”

मोटार आली. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, वर कांद्याची पात बांधलेली.

“मे महिन्यात या,” त्या म्हणाल्या. “पर कामाला न्हाय. पाव्हणे म्हणून या.”

त्या घरानं मला पाहुणा म्हणण्याची ही पहिली वेळ. मी हो म्हटलं, आणि खिडकीशी जागा होती तिथं जाऊन बसलो.